जाळीवाला जाळी कापत नाही

नाही, खुर्च्या पुढच्या असोत नाहीतर मागच्या, आम्ही येणार नाही — तुम्ही बसा, उन्हातून आलात, पान खा — पण आज संध्याकाळी कावेरी तुमच्या सिनेमाच्या तंबूत येणार नाही. आणि हळू बोला हो. ती मागीलदारी आहे, शेजारची सुगंधा तिचे केस विंचरते आहे. सकाळी तुमची जीप भोंगा वाजवत ह्या वाडीतून गेली ना — ‘सर्कशीतली खरी झुलेवाली आज खास खेळाला हजर’ — तेव्हापासून पेटीतलं हिरवं लुगडं मांडीवर घेऊन बसलीय. पंधरा वर्षं झाली, तिच्या कमरेखाली जीव नाही, आणि तुम्ही तिला भोंग्यावर घातलीत! मला विचारलंत? मी तिचा बाप — म्हणजे बापच म्हणा, सर्कशीनं तिला टाकली, मी घरी आणली, बाबा म्हणते मला — मला एका शब्दानं विचारलंत?

मी तसा रागावत नाही. वाडीत कोणालाही विचारा, महादू कोणावर ओरडला असं नाही सांगणार कोण. माझा राग उशिरा येतो. तुमचा सिनेमा काल पहिल्या खेळाला एकटाच बघून आलो, राग आला तो आज सकाळी पेज खाताना. पेज तशीच राहिली. काय दाखवता हो तुम्ही लोकांना? — तुम्ही नाही काढलात, तुम्ही फक्त दाखवता, माहीत आहे मला — पण तंबू तुमचा ना? सिनेमातल्या सर्कशीत जो तो सुरी घेऊन फिरतो. मालक दुष्ट, वाघवाला दुष्ट, आणि विदूषक बिचारा पडद्यामागे जाऊन रडतो. आमचा विदूषक पडद्यामागे काय करायचा ठाऊक आहे? भाकऱ्या थापायचा. चाळीस माणसांच्या! एकमेकांच्या जिवावर उठायला सवड कोणाला होती? सकाळी उठलं की दोर ताणा, तंबू शिवा, हत्तीला पाला घाला, घोडे धुवा — रात्र कधी झाली कळायचं नाही.

आणि तो तुमच्या सिनेमातला जाळीवाला! चिंचोळ्या डोळ्यांचा, गालावर मस, हातात ब्लेड. दुसऱ्या पार्टीकडून नोट घेतो आणि झुल्याखालची जाळी कापतो, आणि पोरगी पडली की खांबाआड उभा राहून हसतो. लोक शिट्या मारत होते. बाहेर पडलो तर वाडीतला भिकाजी सगळ्यांसमोर म्हणाला, “काय रे महादू, ब्लेडाचे तुका किती मिळाले?” सगळे हसले. मीपण हसलो. काय करणार? वाडीला ठाऊक आहे ना, मी अठरा वर्षं सर्कशीत जाळीवालाच होतो. कोल्हापुरात सर्कसवाल्यांना जाळं विणणारा पाहिजे होता, मी गेलो, राहिलो. पण मला सांगा, जाळीवाला जाळी कापतो कधी? आम्हा मासेमाऱ्यांत जाळ्याला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. माझ्या बापानं मला चालायच्या आधी गाठ शिकवली. सर्कशीत रोज सकाळी मी वाळूचं पोतं वरून टाकून जाळी बघायचो. किती खाली जाते, किती वर येते. फार ढिली तर माणूस जमिनीला लागतो, फार ताठ तर उडून बाहेर जातो. एकेक गाठ हातानं तपासायची. जाळीवाला जाळी कापत नाही हो — जाळीवाला जाळीची पूजा करतो!

करतोच. मी केली ना. सोलापुरात होतो आम्ही, नारळी पुनव आली. इथे त्या दिवशी दर्याला नारळ देतो आपण, जाळं दर्यात बुडवून काढतो, मग हंगाम सुरू. सोलापुरात दर्या कुठला? माझा जीव राहीना. सकाळी पोतं टाकून जाळी बघून झाली होती, बरोबर होती. मग दुपारी विहिरीचं पाणी काढलं, स्वयंपाकातलं मीठ मागून घेतलं, पिंपात कालवलं — म्हटलं, हाच आपला दर्या. सगळी जाळी भिजवली. नारळ फोडला. सुती दोरी ती. ओली झाली की आवळते, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण म्हटलं, खेळापर्यंत सुकेल. आणि मिठाचं पाणी सुकत नाही हो! दर्यावर जन्म गेलेल्या माणसाला कोणी सांगायला पाहिजे का हे? आपल्याकडे जाळं ओलं तेच बरं, ओलंच कामाला येतं — हात घरचे, डोकं घरचं, विसरलो की सर्कशीच्या जाळीत मासळी नाही पडत, माणूस पडतं.

खेळाच्या शेवटी कावेरी झुला सोडून जाळीत उडी घ्यायची. रोजचंच होतं ते, लोक टाळ्या पिटायचे. त्या दिवशी जाळी ढोलाच्या कातड्यासारखी ताठ. तव्यावरची लाही उडते तशी पोरगी उडाली आणि कडेच्या पलीकडे... सगळे तिच्याकडे धावले. मालक धावला, विदूषक धावला, हत्तीचा माहूतसुद्धा धावला. मी जाळीकडे धावलो. चारही कोपऱ्यांचे दोर ढिले केले. मालक बघायला आला तेव्हा जाळी रोजच्यासारखी होती.

काय म्हणता? मुद्दाम नव्हतं? — होय, भिजवली ती मुद्दाम नव्हती. ढिली केली ती मुद्दाम केली.

आणि कावेरी काय सांगते ठाऊक आहे? आजपर्यंत सगळ्यांना सांगते, माझीच चूक, पाठीवर पडायचं तर मी पाय आधी टेकले. बायका येतात, तिच्याकडे गोधड्या शिवायला टाकतात, त्यांना सांगते. मी तिथेच बसलेला असतो सुपारी कातरत. मी म्हणतो, जाऊ दे गो, नशीब. आता ती तुमच्या पुढच्या खुर्चीवर बसणार, पडद्यावर तो जाळी कापणार, सगळा तंबू शिट्या मारणार, आणि ती हसून मागे वळून माझ्याकडे बघणार — बाबा, बघा तुमचा जाळीवाला! त्या वेळी मी तोंड कुठे ठेवू? सांगा ना. तुमच्या सिनेमातला निदान खांबाआड तरी उभा होता. आणि तुमची ती पोरगी एक गाणं झालं की उठून चालायला लागते! ते बघून माझी पोर घरी येऊन काय करील?

थांबा. हाक मारतेय.

— कोण नाय गो बाय! टाकीजवाले इलेत. आज खेळ नाय म्हणतत, मशीन बिघडला... होय गो... बरा तर, लुगडा परत पेटीत ठेव... येतंय, येतंय.

उठा आता तुम्ही. आणि जीप ह्या वाटेनं नको, मागच्या माडांतून न्या. भोंगा न वाजवता.