'टेक'चे सगळे अर्थ

थोरले : मत्सर हा अर्धवट शिकलेल्यांचा आजार आहे. ज्याने उभी हयात इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत घालवली, शब्दांचे अर्थ लावता लावता ज्याचे केस पांढरे झाले, अशा माणसाला तो शिवतसुद्धा नाही.

बायको : मग सकाळपासून माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन का कापताय?

थोरले : रेंज नसते.

बायको : तुमच्या हातात असला की नसते. मी उचलला की येते. सरका जरा, इस्त्री लागेल.

थोरले : तो नुसता तुझ्या बहिणीचा नवरा नाही. माझ्या हाताखालचा आहे. कचेरीत मीच चिकटवला त्याला. आणि यंदा साहेबांनी त्याला काय द्यावं? 'टेक'. तू त्याला क्रियापद समजू नकोस, जहागीर आहे ती. बस पकडणं, फोटो काढणं, वेळ लागणं, अपमान गिळणं, सगळं त्या एका शब्दात. पानंच्या पानं भरतात. आणि मला काय दिलं? 'स्नीझ'.

बायको : म्हणजे?

थोरले : शिंकणे.

बायको : आणि?

थोरले : आणि काही नाही. शिंकणे, पूर्णविराम. त्याला धड समानार्थी शब्दही नाही. माझ्या आधी एकाने शोधायचा प्रयत्न केला, त्याला सर्दी झाली.

बायको : बरंय की. लवकर संपलं.

थोरले : तेच तर दुखणं आहे. आमच्याकडे रीत अशी, ज्याचा शब्द सगळ्यांत मोठा, त्याला खिडकीजवळचं टेबल. एकेका अर्थाची एकेक चिठ्ठी, ती पसरायला जागा हवी ना. माझी चिठ्ठी एक. तिला झेरॉक्सच्या मशीनशेजारचं स्टूल पुरे, असं साहेबांचं मत पडलं. मशीन माझ्या कानात गरम वाफा सोडतंय आणि हे महाशय तिकडे वारा खात बसलेत.

बायको : बघत असता वाटतं दिवसभर?

थोरले : मी कशाला बघू? मी त्या खिडकीकडे पाठ करून बसतो. टेबल त्याला मिळालं त्या दिवसापासून एकदा मान वळवली असेल तर शपथ.

बायको : मला मात्र सगळी खबर आहे. बहीण रोज सांगते. "ताई, ह्यांना आता खिडकी आहे." जसा काही मुलगाच झाला. मला काही नाही हो त्याचं. फक्त हे स्थळ तिला मी आणलं होतं, एवढी तरी आठवण ठेवायची. मुलगा साधा आहे, बायकोच्या मुठीत राहील म्हणून आणलं होतं. खिडकीपर्यंत जाईल हे कुठे माहीत.

थोरले : काहीतरी जळतंय.

बायको : कॉलर आहे. तुमचीच.

थोरले : असू दे. मफलर घालीन.

बायको : आणि तपासायला म्हणून त्याने कागद दिले होते, ते वाचलेत, का नुसतेच उशाला घेतले?

थोरले : वाचले. दोनदा वाचले.

बायको : कसं लिहिलंय?

थोरले : चीड यावी इतकं चांगलं. एकेक अर्थ असा हुडकून काढलाय की मी असतो तर... असो. पण एक राहिलाय.

बायको : कुठला?

थोरले : पहिलाच. 'घेणे'.

बायको : घेणे म्हणजे, हातात घेतो आपण, ते?

थोरले : तेच. कापडावर रंग चढणं आहे, मासा गळाला लागणं आहे, वादात एखाद्याची बाजू उचलणंही आहे. 'घेणे' नाही. काखेत कळसा. ही चूक करायला कोशवालाच व्हावं लागतं, इतरांना जमत नाही.

बायको : मग सांगा त्याला.

थोरले : सांगेन की. छापून आल्यावर.

बायको : अहो.

थोरले : पहिल्याच दिवशी कुठलातरी मास्तर कोश उघडेल, 'टेक' काढेल, 'घेणे' शोधेल. मग साहेबांचा पारा, मग खिडकी. आणि मी काय केलं? काही नाही. गप्प बसणं हा गुन्हा कुठल्याही कोशात नाही.

(दाराची बेल. धाकटे साडू आत येतात.)

धाकटे : ताई, कसला वास येतोय?

बायको : कॉलरचा. बसा भाऊजी.

धाकटे : दादा, तुमचा फोन लागेना म्हणून आलो. उद्या सकाळी कागद छापायला जाताहेत. वाचलेत ना?

थोरले : वाचले तर. छान जमलंय तुम्हांला.

धाकटे : तुम्हांला?

बायको : मोठं टेबल मिळालं ना, तेव्हापासून 'तुम्ही' झालात तुम्ही.

धाकटे : चेष्टा नको, ताई. दादा, खरं सांगा, काही राहिलंय का? मला सारखी रुखरुख लागलीये. घास हातात घेतो आणि तसाच बसून राहतो. ही म्हणते, गॅस बंद करायचा राहिला असेल.

थोरले : काही राहिलेलं नाही.

बायको : अहो.

थोरले : तू शर्टाकडे बघ.

धाकटे : मग सुटलो. साहेबांनाही मी तेच म्हटलं, दादांची नजर फिरली की काळजी नाही. ते म्हणाले, मग त्यांचंच नाव घाला खाली.

थोरले : कशाच्या खाली?

धाकटे : 'टेक'च्या. यंदापासून नवी पद्धत आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तपासणाऱ्याचं घालायचं. साहेब म्हणतात, लिहिणाऱ्याच्या हातून होते ती नजरचूक, तपासणाऱ्याच्या हातून होते ती चूक. मी म्हटलं, आपलं नाव नाही तर नाही, दादांचं तर लागतंय.

थोरले : माझ्या उशाजवळचे ते कागद आण इकडे.

धाकटे : का, काय झालं?

थोरले : अरे बैला, 'घेणे' कुठाय?

धाकटे : वरच असेल. पहिलंच.

थोरले : दाखव.

धाकटे : हे बघा, 'मनावर घेणे'. हे 'अंगावर घेणे'. 'ताब्यात घेणे'...

थोरले : नुसतं 'घेणे'.

धाकटे : ...नाहीये. दादा, मेलो असतो मी. हे आत्ता लक्षात आलं तुमच्या?

थोरले : आत्ताच.

बायको : हो, आत्ताच. मी इथेच तर उभी आहे.

धाकटे : काय नजर आहे तुमची. मला लाज वाटते हो त्या टेबलावर बसायची. माझं काम झालंच आहे, उद्याच साहेबांना सांगतो, खिडकी दादांना द्या.

थोरले : छे छे. मला कशाला? आता तुझा फारच आग्रह असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथे वाऱ्याने कागद उडत असतील, नाही? माझी एकच चिठ्ठी. ती गेली की वर्ष गेलं.

धाकटे : नाही उडत. ती खिडकी उघडतच नाही. मागच्या रंगकामात चिकटली.