चौथं टेबल

बडनेरा स्टेशनच्या बाकावर रिटायर्ड क्लार्क इंदूबाई बसल्या होत्या. शेजारी त्यांच्या जुन्या कॉलेजच्या ऑफिसातले दोघं नवे कर्मचारी हमरीतुमरीवर आले होते.

"नईमभाऊ, लो-कोडवर, म्हणजे कोड न लिवता, दाखल्याचं ॲप दोन दिवसांत होते!"

"नीलम, सात सह्या हायेत. त्याले प्रोसेसवालं मोठं सॉफ्टवेअरच पायजे, सहा महिने लागले तरी."

"पण अर्ज चौथ्या टेबलावर तीन दिवस थांबते कावून?"

"नियम हाये."

"कोणाचा?"

"काय मालूम! पह्यलेपासून हाये. तुया ॲपमंदीबी टाकावंच लागन."

"म्हणजे कायबी घ्या, पोट्टे थांबतीनच?"

इंदूबाईंना राहवेना.

"अवं बाई, ते टेबल मायं होतं. लेकीच्या बाळंतपणाले तीन दिवस सुट्टी घेतली, तवा अर्ज थांबले होते. नातू आता दहावीत हाये."