तोफूचं पाणी

अरे, आमच्या कंपनीतल्या जपानी साहेबानं हर्सूलकडच्या निजामकाळातल्या बागेत जेवण ठेवलं होतं. तेव्हा दुष्काळ होता, आमच्या नव्या कॉलनीत तर टँकरची मारामारी. गावाहून आलेल्या, मेंढरं राखणाऱ्या मामांनाही मी सोबत नेलं.

प्रत्येकासमोर आलं मातीचं भांडं, त्यात गरम पाण्यात तोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे, पांढरे तुकडे. मामा कानात म्हणाले, "पनीर अजून धुवायलेच व्हय?"

"मामा, हेच जेवण आहे. गप खा."

जेवणं झाली. वेटर गार झालेलं पाणी मोरीत ओतायला निघाला, तसं मामांनी भांडंच हिसकावलं, सुकलेल्या चिंचेच्या बुडाशी पाणी ओतलं अन् झाडाला हात जोडले.

मला वाटलं, गेली नोकरी! तर साहेब उठला, त्यानंही आपलं पाणी ओतलं अन् कमरेत वाकला. मागोमाग सगळे जपानी.

आता तिथं कंपनीच्या प्रत्येक जेवणानंतर हा विधी होतो. चिंच पालवलीय. मामा म्हणतात, "त्यास्नी सांग, आंघोळीला बी इथंच या!"