पुनवेची वात

बेबीताई : 'बेबी, पुनवेची वात आपल्याच वावरातल्या कापसाची लावजो. इकतचा कापूस महादेवाले नोको.' सासूबाई जाता जाता हेच सांगून गेल्या. म्या त्याईच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. आता तू सांग सुरभी, ह्या परडीतला कापूस कोठचा?

सुरभी : आपलाच, आई. दुसरा कुठून येणार?

बेबीताई : आपला? यंदा अळीनं सारी बोंडं पोखरली. तुह्या ह्या सासऱ्यानं वेचून आनला तो पिवळा, किडका, कवडी कापूस. अन् हा तं बगळ्यावानी पांढरा!

सुरभी : निवडून ठेवला मी.

बेबीताई : काल त्या शिरियलीतली द्वारकीही असंच म्हने. सासूच्या तुपाच्या बरणीत डालडा भरला, अन् वरून म्हने, 'कढवून ठेवलं मी!'

भगवानराव : अन् सासू बोटं चाटून म्हने, काय रवाळ हाय वं सूनबाई!

बेबीताई : तुमी हसा. घरात सून तुमालेही हाय.

सुरभी : आई, द्वारकी जुन्या कादंबरीतली आहे. कॉलेजात वाचली मी. पुस्तकात ती कोणाला फसवत नाही, मुकाट सोसते. टीव्हीवाल्यांनी तिची अशी गंमत केली.

बेबीताई : पुस्तकातली म्या कुठी पाह्यली? सोमवारी तू कोठी गेलती? बाजारात म्हने!

भगवानराव : सोमवारी कोठचा बाजार?

बेबीताई : आइका!

सुरभी : ...केळापूरला गेली होती. माहेरी.

बेबीताई : न सांगता?

सुरभी : सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं? तुम्ही परडी घेऊन रोज वावरात फिरायच्या, पांढरं बोंड सापडेना. जेवण सोडून फराळावर राहिल्या. माझ्या मायच्या वावरातलं थोडं वाचलं होतं. वेचणीच्या आधी करतात ती सीतादहीची पूजा केली, मग माझ्या हातानं वेचला. विकतचा नाही, आई.

बेबीताई : पन आपल्या वावरातला नाई.

सुरभी : मी तुमची ना? मग माझ्या मायचं वावर परकं कसं?

(बेबीताई परडी जवळ ओढतात, बराच वेळ कापूस चाचपतात.)

भगवानराव : लागली वं शिरियल! आज द्वारकी पकडली जाते वाटते.

बेबीताई : बंद करा तो डबा. सुरभी, आपला कवडी कापूस आन इकडं. पिवळा असला म्हनून काय झालं, शब्द त्याचाच देल्ला हाय.

सुरभी : आणि हा?

बेबीताई : नुसती कवडीची वात तडतडते, टिकत नाई. तुह्या मायच्या कापसाचा आधार भेटला तं रातभर जळन. दोन्ही एकात एक पिंज. वळाचं काम माह्यं.

(सुरभी दोन्ही कापूस पिंजते, बेबीताई वात वळतात.)

सुरभी : देवळात मीही येऊ?

बेबीताई : मंग, तूप कोन धरन? वाटी घे. ...अन् सुरभी, तूप घरचंच हाय ना वं?

सुरभी : वास घेऊन पाहा.

बेबीताई : राहू दे. दार ओढून घे, चाल.