सरांचं मराठी

भुवनेश्वरी: माझ्या बालाचं लग्न झालं त्याच वर्षी तू पीएच.डी.ला लागलीस, जननी. तेव्हापासून घरात तामिळच बोलतेस. माझ्याशीसुद्धा. कोण आहे तो?

जननी: कोणी नाही, आत्या.

भुवनेश्वरी: मग तुझ्या विभागातला तो अरुणकुमार रोज दारापर्यंत का येतो? सांबाराचा वास घ्यायला?

जननी: एकटी येऊ नकोस म्हणतो. आमच्याच विभागातली सौंदर्याही असते बरोबर.

भुवनेश्वरी: एकटी का नको? माझ्याकडे बघ. मराठीत सांग.

जननी: मराठी ऐकलं की चंद्रमौली सर आठवतात.

भुवनेश्वरी: तुझे गाईड? अगं, आपला माणूस तो. इथल्या तामिळ माणसांत, त्या विभागात आपली मराठी बोलणारं कुणी आहे, म्हणून तर तुझे आजोबा निर्धास्त होते.

जननी: तीच भाषा बोलतात. सगळ्यांसमोर, हसत हसत, माझ्या अंगाबद्दल. बाकीच्यांना मराठी कळत नाही; त्यांना वाटतं, जेवलीस का विचारतायत.

भुवनेश्वरी: तुझ्या ऐकण्यात काही चूक नाही ना? त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाचं भजन चालतं.

जननी: हेच म्हणशील वाटलं, म्हणून घरी बोलले नाही. विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे लेखी दिलं.

भुवनेश्वरी: आम्हाला न विचारता? समितीत त्यांचेच स्नेही बसलेले असणार.

जननी: मलाही तीच शंका होती. पण समितीतल्या एक वकीलबाई विद्यापीठाबाहेरच्या आहेत, तिरुप्पनंदाळ गावच्या. चौकशी संपेपर्यंत मला दुसरा गाईड द्यायला लावला त्यांनी. अरुण, सौंदर्या साक्षीला आले, पण शब्द कुणालाच कळले नव्हते. सर म्हणाले, लेकीसारखी आहे, वेळेवर जेव म्हणत होतो. समितीला त्या मराठीचा तामिळमध्ये अर्थ सांगायला सरांनीच हनुमंतरावांचं नाव सुचवलंय.

भुवनेश्वरी: त्यांचे मेहुणे?

जननी: हो. समितीनं माझ्याकडेही एक नाव मागितलंय. सौंदर्यानं एकदा सरांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ऐक.

(भुवनेश्वरी फोन कानाशी धरते.)

भुवनेश्वरी: बंद कर.

जननी: पुढे अजून आहे.

भुवनेश्वरी: नको. हे मी समितीतल्या त्या बायकांसमोर तामिळमध्ये म्हणायचं?

जननी: जसंच्या तसं. गुळमुळीत सांगितलंस तर सर सुटतील.

भुवनेश्वरी: आणि एकादशीला आपल्याला भजनाला कोण बोलावेल?

जननी: कोणी नाही. तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही.

भुवनेश्वरी: माझं नाव दे.

जननी: पण आजोबांनी सरांना घरचं मानलं होतं, आत्या. त्यांना काय वाटलं असतं?

भुवनेश्वरी: आजोबा वारले, जननी. गेल्या वर्षी, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी. आता ठरवायचं ते आपण.