माझ्या सेडमला पाणी घालू नका

…आणि वर मलाच विचारतात, "गजरामाय, तुमचा वाफा सडला कसा?" सडला कसा! अहो, शहाद्याकडच्या उन्हात, जिथं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं, तिथं माझी झाडं पाण्यात बुडून मेली, आणि मी सांगू कसा? तुम्हाला सांगते, वर्षभर मी एकच ओरडत होते, पाणी घालू नका!

पण आमच्या ब्राह्मणपुरीत पाणी म्हणजे माया. पाहुणा आला, पाणी. गाय दारात थांबली, पाणी. भांडायला आलेल्या बाईलाही आधी तांब्या, मग भांडण. अशा गावात पाणी नको म्हणणारं झाड आणलं मी, पुण्याहून, नात रुचिकाच्या गॅलरीतून. सेडम! काय पानं हो, मुगाच्या दाण्याएवढी, गुबगुबीत, पोटात पाणी भरून ठेवलेली! रुचिका म्हणाली, "आजी, नेऊ नकोस, तुमच्या उन्हात नाही टिकायचं." मला सांगते! शेंडे खुडले, रुमालात गुंडाळले आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. निघताना म्हटलं, आखाजीला ये, तुमच्या अक्षय तृतीयेला, डोळ्यांनी बघ. झालं, शब्द देऊन बसले.

शाळा मी पाहिली नाही, पण झाड मला कळतं. आमची काळी माती पाणी धरून बसते, म्हणून ती उपसून टाकली, तापीची वाळू घातली, विटांचा चुरा घातला, मूठभर जुनं शेणखत. शेंडे सावलीत ठेवून त्यांची कापलेली तोंडं सुकू दिली, मग लावले. सकाळचं ऊन, दुपारी निंबाची सावली. बाजूला कोरफड, पानफुटी, घायपात. सगळी कशी, एकदा बसली की वर्षानुवर्षं हलायची नाहीत! आणि सेडम पसरलं की हो! दगडावरून उतरलं, हिरवं, कडेला लालसर… मी पान चिमटीत धरून बघायची. टणक आहे? पाणी नाही. सुरकुतलं? मुळाशी थोडं. एवढंच शास्त्र! त्याला कशाला कॉलेज लागतं?

लागतं ते हात आवरणं, आणि तेच कुणाला जमेना. एकदा शहाद्याच्या बाजाराहून येते तर वाफ्यात काळी नळी! माझा मुलगा नवनीत, केळीवाला, त्यानं ड्रिप जोडलेलं. म्हणतो, "आई, केळीले ड्रिप शे, मंग तुन्हा झाडेसनी काय पाप करं?" नळी उपटली. म्हटलं, बापा, पाणी घालू नका! तो गेला नि शेजारची नानीबाई आली, घागर रिकामी करून, पदरानं हात पुसत. "माय, झाडं पार सुकाई ग्यात. आते घागर वती दिनी, पुन्य लागी." सुकलं कुठं? त्याचा रंगच तो! पण तिच्या पुण्याला तोंड कोण देणार?

म्हणून मी डोकं चालवलं. मोठा दगड आणला, शेंदूर फासला आणि वाफ्यात मधोमध ठेवला. आमच्या गल्लीत शेंदूर दिसला की पाय लांब, हात लांब, बकरीसुद्धा वळून जाते. मी अशी खूश, अशी खूश, की दोन वेळा चहा घेतला!

सकाळी दार उघडते तर बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात तांब्या. दगडाला नावसुद्धा पडलं होतं, उन्हाळीमाय! उन्हात देवी तापते, तिला थंड करायचं. आणि करायचं कसं? पाण्यानं! माझ्या दारात, माझ्या देवीला, माझ्या सेडमवर! मी ओरडले, अगं, हा दगड मी आणलाय! नानीबाई बाकीच्यांना म्हणाली, "देख, मायना अंगमा वारं उनं." माझ्या अंगात आलं म्हणे! माझ्या पायांवरही तांब्या ओतला.

जाताना जी ती प्रसाद म्हणून सेडमचा शेंडा खुडून न्यायची. उरलं ते पिवळं पडलं, पाणचट झालं, बोटानं धरलं तर नुसता चिखल. आखाजी आली, रुचिका आली. मी वाफ्यापुढं पदर पसरून उभी, जसं काही पदरामागं वाफा दिसणारच नाही. पोरीनं पदर हळूच बाजूला सारला.

तेवढ्यात तिला पलीकडं दिसलं. नानीबाईच्या ओट्यावर, सज्ज्याच्या सावलीत, फुटक्या घमेल्यात सेडम! घमेलं भरून, काठावरून खाली लोंबतंय! रुचिका धावली, फोटो काढले, नानीबाईला मिठी मारली, कसं वाढवलं विचारलं. नानीबाई म्हणाली, "काही करं नही. देवीनं झाड शे, कोणी हातच लावत नही."

अख्ख्या गल्लीत बघितलं मी. जुन्या किटलीत, तेलाच्या डब्यात, जिथं तिथं माझं सेडम, देवीच्या धाकानं कोरडं, टुणटुणीत! मेलं ते फक्त माझ्या दारात.

मग काय, गेले नानीबाईच्या दारात. एक शेंडा दे म्हटलं. तिनं आधी तांब्याभर पाणी दिलं, मग हात धुतले, घमेल्याला नमस्कार केला, शेंडा खुडून माझ्या पदरात टाकला आणि लहान पोरीला समजावतात तसं हळूच म्हणाली, "लई जाय, माय. पन पानी टाकू नको बरं."

शेंडा पदरात गुंडाळला नि बरं म्हटलं.