वर्षश्राद्धाची गावपंगत

तुमच्या पंगतीच्या गप्पा चालल्यात म्हणून आमच्या घरचं सांगते. यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. चिकलठाण्याच्या फ्लॅटचे हप्ते माझ्या एकटीच्या पगारावर आले होते. मी गाडी विकली, केबल बंद केली, शाळेत सिटी बसने जायला लागले. पण एकही हप्ता चुकू दिला नाही.

अशात देवगाव रंगारीहून धाकटे दीर आले. बसल्या बसल्या म्हणाले, "वहिनी, वर्षश्राद्धाला सगळं गाव जेवू घालायचं. दादाचं नाव लई मोठं हाय."

"गावाला प्यायचं पाणी टँकरने येतंय, भाऊजी. पंगतीला कुठून आणणार?"

"अजून एक टँकर सांगू."

"आणि पैसे?"

"पतसंस्थेतून तुमच्या नावावर उचलू. तुम्हाला पगार हाय, लगेच देत्यात. मी जामीन राहतो ना!"

"आणि नाहीच घातलं जेवण, तर?"

"लोक नावं ठेवतील. नवरा गेला अन् बाईनं हात आखडला म्हणतील."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "भाऊजी, ते तुमचेही सख्खे भाऊ होते. कर्ज तुमच्या नावावर काढा. जामीन मी राहते."

भाऊजींनी चहा बशीत ओतला, फुंकून फुंकून सगळा संपवला. मग बशी खाली ठेवत म्हणाले, "जेवायला पाच माणसं लई झाली, वहिनी. दादाला तरी गर्दी कुठं आवडायची?"